पुरात बुडालेल्या स्प्लेंडरचा सायलेंसर काळा करायचा आहे, कोणता रंग घेऊ?

स्प्लेंडर_०९
नमस्कार मंडळी. बाबांची २००९ ची स्प्लेंडर आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन आमच्या कॉर्पोरेशन कॉलनीत पाणी शिरलं, तेव्हा गाडी सीटपर्यंत बुडाली होती. इंजिन उघडून साफ केलं, वायरिंग बदललं, आता मस्त चालून राहिली. पण सायलेंसरच्या क्रोमला तेव्हापासून गंज धरला. आधी नुसते ठिपके होते, आता पापुद्रे निघून राहिले.

बाबा गाडी विकायचं नाव काढू देत नाहीत, रोज सकाळी फडक्याने पुसतात. म्हणून मागच्या महिन्यात घरात उरलेला काळा ऑइल पेंट ब्रशने लावून दिला. पहिल्याच दिवशी बर्डीवर सिग्नलला धूर निघाला. आठ दिवसांत इंजिनाजवळच्या बेंडवरचा रंग फुगून गळला, मागचा मात्र टिकला. असं काऊन झालं? आणि घरच्या घरी जमते का हे काम?

गणेशपेठ_रायडर
नवीनच टाका ना भाऊ. लोकल मेकचा स्वस्तात भेटते, अर्ध्या तासात बसते.

हिंगणा_पेंटशॉप
घाई नका करू जी. लोकलचा पत्रा हलका असते, आवाजही बदलते. जुना कंपनीचा आहे तर आधी त्याचं पोट तपासा. स्क्रू ड्रायव्हर घेऊन खालच्या बाजूने जोडावर दाबून पाहा. आत गेला, तर रंगाचा विषय तिथेच संपला, आधी वेल्डिंग. सायलेंसर आतूनही सडते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन निघते. गाडी रोज दोन किलोमीटरच चालत असेल तर सायलेंसर पुरता तापतच नाही आणि ते पाणी आत साचते. खाली बारीक भोक असेल, ते पाणी निघायला दिलेलं असते. रंगाने ते बुजवू नका.

मी एमआयडीसीत २२ वर्षं रंगाचंच काम केलं, तेव्हा तुमचा रंग का गेला ते सांगतो. ऑइल पेंटचा चिकटा बेंडच्या तापाला जळून जाते. मागचा भाग तेवढा तापत नाही म्हणून तिथे तो राहिला. तुम्हाला हीट रेझिस्टंट सिलिकॉनचा मॅट काळा स्प्रे लागेल, डब्यावर ६०० डिग्री किंवा वर लिहिलेला. खाली साधा रेड ऑक्साइड प्रायमर लावू नका, तोही जळते आणि वरचा रंग घेऊन पडते. पुट्टीही नको.

खरी मेहनत घासण्यात आहे. क्रोमच्या गुळगुळीत पाठीवर रंग धरत नाही. तारेच्या ब्रशने पापुद्रे काढा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. पेपर ओला करून घासा आणि तोंडाला मास्क बांधा, क्रोमची धूळ छातीत जाऊ नये. शेवटी थिनरने पुसा, त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. बोटाचं तेल लागलं त्या जागी रंग सुटते. मी पोरांना याच एका गोष्टीवरून रागवायचो.

उन्हाचं ऐका. लोकांना वाटते, मे महिन्यात ४५ डिग्री आहे, रंग छान वाळेल. तापलेल्या पत्र्यावर स्प्रे पोचायच्या आतच वाळते आणि खरखरीत बसते. नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) असो की नसो, सकाळी सातच्या आत मारा. पावसाळ्यात दमट हवेत मारूच नका. सायलेंसर खोलून तारेने टांगा, दोन्ही तोंडांत चिंध्या कोंबा, वीतभरावरून पातळ तीन हात, मधे १५-१५ मिनिटं. जाड एक हात ओघळते.

वाळलं म्हणजे झालं नाही. हा रंग तापूनच पक्का होते. दुसऱ्या दिवशी चिंध्या काढून, नवीन गॅस्केट टाकून बसवा. इंजिन दहा मिनिटं चालू, पूर्ण थंड, मग वीस मिनिटं, परत थंड, मग हळू एक फेरी. धूर निघेल, म्हणून बंद पार्किंगमध्ये करू नका. शेपटाकडचा भाग मात्र यानेही पुरेसा तापणार नाही. तिथे पेट्रोलचा थेंब पडला की रंग निघते. त्याला हीट गन मारावी लागेल.

मानेवाडा_२३
काकाजी, पावडर कोटिंग केलं तर? आणि ट्रॅफिकवाले अडवतात का काळ्या सायलेंसरला?

हिंगणा_पेंटशॉप
साधं पावडर कोटिंग २०० डिग्रीच्या आसपास भट्टीत भाजतात, बेंड त्याच्यावर सहज जाते. हीटवालं पावडर वेगळं येते, ते आहे का विचारूनच द्या. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असते, सायलेंसरचा नाही. आतली जाळी काढून आवाज वाढवला तर अडवतील, आणि अडवलंच पाहिजे.

स्प्लेंडर_०९
काकाजी, स्क्रू ड्रायव्हर आत गेला. स्टँडच्या बाजूने जोडावर दोन बोटं पत्रा सडला होता, वरून पत्ताच नव्हता. आधी वेल्डिंग करून घेतलं. काल सकाळी साडेपाचला गच्चीवर तीन हात मारले, आज तापवून थंड केलं. बेंड एकदम पक्का झाला, नखाने निघत नाही. मागे वीतभर जागा अजून कच्ची आहे, तुम्ही म्हणालात तशीच. शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडे हीट गन आहे, उद्या मागतो. तोवर बाबांना तिथे फडकं लावू नका म्हणून सांगितलं आहे.