जुना टीव्ही गेम आणि कॅसेटी दुकानात उक्त्या भावाने विकाव्यात का?

माळ्यावरची_पेटी (पुणे):
नमस्कार. सदाशिव पेठेतले आमचे घर पुनर्विकासासाठी रिकामे करताना माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. तिच्यात नव्वदच्या दशकातला आठ बिटी टीव्ही गेम, त्याची बंदूक आणि अकरा कॅसेटी, काकांनी दुबईहून आणलेला गेमबॉय अ‍ॅडव्हान्स आणि त्याच्या चार कॅसेटी, शिवाय प्लेस्टेशन २ आणि वीसेक डिस्क असा ऐवज निघाला. जवळच्या दुकानदाराने एकही वस्तू लावून न पाहता सगळ्याचे मिळून २,५०० रुपये सांगितले. मला पैशांची निकड नाही. या वस्तू भंगारात न जाता ज्याला त्या खेळायच्या आहेत त्याच्या हाती पोहोचाव्यात, एवढीच मनापासून इच्छा आहे. हा भाव रास्त आहे का, आणि विकण्यापूर्वी मी काय तपासावे?

गल्ल्यामागून (मुंबई):
लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मी बारा वर्षे सेकंड-हँड गेमची खरेदी सांभाळली आहे, त्यामुळे त्या दुकानदाराची बाजू आधी मांडतो. त्याचे रोजचे गिऱ्हाईक प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या डिस्क मागते. तुमची पेटी घेतली, तर ती कधी विकली जाईल हे त्याला ठाऊक नसते आणि त्यातले किती चालू आहे हेही त्याने पाहिलेले नसते, म्हणून तो सगळे बंद आहे असे धरूनच भाव सांगतो. ही लबाडी नव्हे, पण हे नुकसान तुम्ही सोसण्याचेही कारण नाही. प्रत्येक वस्तू वेगळी करा, चालवून पाहा आणि मगच भाव विचारा.

आठ बिटी गेमकडून पैशांची फार अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडे विकले गेलेले असे बहुतेक संच निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉम या संचाच्या नकला होत्या. त्यांच्या कॅसेटींना ६० पिना असतात, तर निन्टेन्डोच्याच अमेरिकेत विकलेल्या संचाच्या कॅसेटींना ७२, त्यामुळे एका संचाच्या कॅसेटी दुसऱ्यात बसत नाहीत. ‘९९९९ खेळ’ असे छापलेल्या कॅसेटीत तेच मोजके खेळ पुन्हा पुन्हा आलेले असतात. हा संच सुरू करण्यापूर्वी मात्र अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अधिक-उणे खूण संचाच्या खुणेशी ताडून घ्या. कॅसेटीत फुंकर मारण्याची आपली सर्वांची जुनी सवयही सोडा, कारण फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात; आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने त्या पुसाव्यात.

खरा भाव उरलेल्या दोन संचांत आहे. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या अस्सल कॅसेटीच्या लेबलवर उजेडात तिरकी धरल्यास दोन अंक ठसलेले दिसतात, आणि पिनांच्या वरच्या बाजूला पट्टीवर निन्टेन्डोचे नाव असते. प्लेस्टेशन २ च्या डिस्क तपासताना पाठ निळी दिसली म्हणून ती नकली समजू नका. त्या काळातले सीडीवर आलेले अस्सल खेळ निळ्या पाठीचेच होते. नकली डिस्क मात्र कोणत्याही दुकानात देऊ नका, कारण त्यांची विक्री प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार गुन्हा आहे. तुमच्या डिस्कांत २००९ चा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ असेल, तर तो जपून ठेवा; भारतात तयार झालेले प्लेस्टेशन २ चे खेळ थोडेच आहेत आणि संग्राहक ते शोधत असतात.

पूर्वेकडचा (तोक्यो):
वरील सल्ल्याला माझा दुजोरा आहे. इथल्या ‘हार्ड ऑफ’ साखळीच्या दुकानांत ‘जंक’ म्हणून वेगळी खोकी असतात. त्यातली वस्तू चालेल याची हमी नसते आणि ती परत घेतली जात नाही, म्हणून भाव अगदी किरकोळ असतो. तोच संच तपासून फडताळावर ठेवला की त्यावर खोके आहे का, माहितीपुस्तिका आहे का, प्लास्टिक पिवळे पडले आहे का, हे सारे लिहिलेले असते आणि भाव कितीतरी चढतो. तेव्हा पेटीत खोकी आणि पुस्तिका असतील तर त्यांची ताटातूट करू नका.

इथली आणखी एक पद्धत मला मोलाची वाटते. इतर बहुतेक जुन्या वस्तू १०,००० येनांपेक्षा कमी किमतीला विकताना ओळखपत्र लागत नाही, पण व्हिडिओ गेमसाठी ते रक्कम कितीही लहान असली तरी दाखवावे लागते, जेणेकरून चोरीचा माल दुकानात खपू नये. पुण्यातही आपण आपणहून वस्तूंची नावे आणि तारीख लिहिलेली पावती मागावी, असे मला वाटते.

माळ्यावरची_पेटी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. चारपैकी तीन कॅसेटी अस्सल निघाल्या आणि नऊ डिस्क छापील खोक्यांसह सापडल्या. दुसऱ्या एका दुकानात त्यांनी प्रत्येक डिस्क लावून पाहिली आणि आठ बिटी संच वगळून ४,२०० रुपये सांगितले. बदल्यात दुसरे गेम घेतल्यास ५,००० रुपये. आठ बिटी संच शेजारच्या मुलांना द्यायचे ठरवले आहे, पण त्याची बंदूक आमच्या टीव्हीवर चालत नाही. ती बिघडली असेल का?

गल्ल्यामागून:
बदल्याचा भाव नेहमीच जास्त असतो, कारण त्यात दुकानदाराच्या हातची रोकड जात नाही. तुम्हाला खेळायचे नसेल तर रोखच घ्या. बंदुकीबद्दल इतक्यात काही ठरवू नका. ती जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र ज्या रीतीने उमटते त्यावर अवलंबून असते, त्यामुळे सपाट टीव्हीवर चांगली बंदूकही नेम ओळखत नाही. ओळखीत कोणाकडे जुना टीव्ही असेल तर त्यावर एकदा लावून पाहा, आणि मुलांना देताना शक्य झाल्यास तो टीव्हीही सोबत द्या.