ड्रायरचा ‘व्हॅम्पीर’: कुठली प्रत पाहावी?

कंदीलवाला: कार्ल ड्रायरचा ‘व्हॅम्पीर’ (१९३२) यूट्यूबवर लावला आणि अर्ध्यात सोडला. सगळं धुरकट, संवाद पुटपुटल्यासारखे. प्रत खराब आहे की सिनेमाच असा? विकत घ्यावा का? जुने भयपट आवडतात, पण रेंगाळणारे झेपत नाहीत.

आंधळी_कोशिंबीर: दोन्ही. धुकं मुद्दाम आणलंय. छायाचित्रकार रुडॉल्फ माटेने कॅमेऱ्यासमोर जाळीदार कापड धरलं होतं. पण त्यावर ओरखडे आणि उडालेले करडे रंग चढले की नुसता चिखल दिसतो. मूळ निगेटिव्ह कधीच गहाळ झाली. १९९८ साली मार्टिन कर्बर आणि इटलीतल्या बोलोन्याच्या सिनेटेकाने (चित्रपट-संग्रहालयाने) उरलेल्या प्रतींवरून तो नव्याने जुळवला. डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटची २के (म्हणजे सुमारे दोन हजार ठिपके रुंद, डिजिटल) प्रत त्यानंतरची, मिळाली तर तीच घ्या. शवपेटीतला प्रसंग तिच्यात बघा: झाकणाच्या काचेतून नायकाला झाडं, आभाळ सरकताना दिसतं, म्हणजे अंत्ययात्रा आपलीच! यूट्यूबवर ते पार वाया जातं.

संवाद मुळातच कमी आहेत. जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी आवृत्त्या काढायच्या म्हणून चित्रण मूकपटासारखं केलं, आवाज मागाहून भरला.

पोपटपंची: थोडं पाणी ओततो. नायक लाकडी आहे हो! कारण पैसे त्याचेच. निकोलस द गुन्झबुर्ग नावाचा बॅरन, ‘ज्युलियन वेस्ट’ या नावाने स्वतःच उभा राहिला. बाकीही बरेचसे हौशी. गोष्ट शोधत बसलात तर ही प्रतही अर्ध्यातच सोडाल. पिठाच्या गिरणीतला शेवट मात्र चुकवू नका, जर्मन सेन्सॉरने त्यालाही कात्री लावली होती.

मीनाक्षी_का: कंदीलवाला, रेंगाळणं चालत नसेल तर आधी ‘नॉसफेराटू’ (१९२२) बघा. तोही दुरुस्त केलेलाच. फुकटच्या काळ्या-पांढऱ्या प्रतींत रक्तपिपासू काउंट भर उन्हात हिंडताना दिसतो, कारण रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून फिल्म निळी रंगवली होती. तो रंग गेला की रात्रच गेली.

कंदीलवाला: मीनाक्षीताई, तो पाहिलाय, आवडलाही. मग ‘व्हॅम्पीर’ मागवतोच. चित्र चौकोनी का दिसतं पण?

आंधळी_कोशिंबीर: रुंदी-उंचीचं प्रमाण १.१९:१. सुरुवातीच्या बोलपटांत आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला बसे, म्हणून चौकट अरुंद. टीव्हीवर ‘फुल स्क्रीन’ करू नका, आणि दिवे घालवा.

पोपटपंची: आणि जेवून लगेच बसू नका. ७५ मिनिटांत झोप लागते, अनुभव आहे.