शब्दचर्चा : सुत्त की सूत्र, निकाय की आगम? विहारातल्या कपाटावर काय लिहावे

पुस्तकपेटी, निपाणी

जय भीम. विहाराच्या ग्रंथालयाची यादी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत नव्याने लिहायला घेतली आहे. प्रत्येक कप्प्यावर पट्टी लागेल. देवनागरीतले पाली ग्रंथ आहेत, मराठी भाषांतरे आहेत, बरीच पुस्तके हिंदीतून आलेली आहेत आणि एक कप्पा तिबेटी परंपरेचा आहे. जुन्या यादीत बुद्धाच्या उपदेशाच्या पाठाला कुठे 'सुत्त' तर कुठे 'सूत्र', आणि तत्त्वांच्या विश्लेषणाच्या ग्रंथांना कुठे 'अभिधम्म' तर कुठे 'अभिधर्म' असे लिहिले आहे. काहींचे म्हणणे, मराठी यादी आहे तर सगळे संस्कृत वळणाने शुद्ध करून घ्यावे. करावे का? 'त्रिपिटक' हा शब्दही तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. जाणकारांनी सांगा की.

पालिपाठ, बेळगाव

ताई, अजिबात करू नका. 'महामंगलसुत्त' शुद्ध करायला गेलात तर यादीत 'महामंगलसूत्र' येईल, आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काळे मणी उभे राहतील. तो बारा गाथांचा उपदेश आहे. खुद्दकपाठ आणि सुत्तनिपात या दोन्ही पाली संग्रहांत आहे.

अर्थाचीही अडचण आहे. मराठीत सूत्र म्हटले की पाणिनीसारखे चार शब्दांत बसवलेले वाक्य आठवते. सुत्त तसे नसते. दीघनिकायातली (निकाय म्हणजे पाली सुत्तांचा संग्रह) सुत्ते पानेच्या पाने चालतात. प्रसंग, संवाद, उपमा असे सगळे त्यांत असते आणि मुख्य वाक्ये पुन्हापुन्हा येतात. पालीच्या ध्वनिनियमांनी 'सूत्र'चे 'सुत्त' होते, तसेच 'सूक्त'चेही 'सुत्त'च होते. म्हणून मुळात हा शब्द 'सूक्त' म्हणजे चांगले बोललेले असा असावा, असे काही अभ्यासक मानतात. अट्ठसालिनी या अट्ठकथेत, म्हणजे पाली टीकेत, सुत्त शब्दाच्या ज्या व्युत्पत्ती दिल्या आहेत, त्यांत सुताशी साम्य आहे आणि 'सुवुत्त' म्हणजे सुभाषित हेही आहे.

आता मुख्य मुद्दा. या साहित्यात शब्दाचे रूप हाच ग्रंथाचा पत्ता असतो. पाली रूप दिसले की ग्रंथ थेरवाद परंपरेचा, संस्कृत रूप दिसले की बहुधा सर्वास्तिवादी या जुन्या पंथाचा किंवा महायान. रूप 'सुधारले' की पत्ता बदलतो. अभिधम्माचेच घ्या. पाली अभिधम्मपिटकात सात ग्रंथ आहेत : धम्मसंगणी, विभंग, धातुकथा, पुग्गलपञ्ञत्ति, कथावत्थु, यमक, पट्ठान. सर्वास्तिवादी अभिधर्मातही सातच ग्रंथ, पण ते वेगळे. ज्ञानप्रस्थान हा त्यांतला मुख्य. आकडा जुळतो म्हणून एकाला दुसऱ्याचे भाषांतर समजण्याची चूक सर्रास होते. वसुबंधू या आचार्याचा संस्कृत अभिधर्मकोश 'अभिधम्म' पट्टीखाली गेला तर तो चुकीच्या कप्प्यात गेला. तसेच 'अपदान' आणि 'अवदान'. पाली अपदान हा खुद्दकनिकायातला पद्यग्रंथ, दिव्यावदान हा संस्कृत कथासंग्रह.

मलप्रभाकाठ, खानापूर

वरच्या मुद्द्याला सर्वांत ठसठशीत उदाहरण महापरिनिब्बानसुत्ताचे. दीघनिकायातले हे सोळावे सुत्त. राजगृहापासून कुशिनारेपर्यंतचा शेवटचा प्रवास, चुंदाकडचे भोजन, अस्थींची वाटणी, असा त्याचा विषय. 'महापरिनिर्वाणसूत्र' नावाचा महायान ग्रंथ मात्र तथागतगर्भ, म्हणजे सर्व प्राण्यांत बुद्धत्वाची शक्यता आहे, या सिद्धांतावर आहे. तो मुख्यतः चिनी आणि तिबेटी भाषांतरांत टिकला आहे. आणि याच नावाचे तिसरेही आहे : मध्य आशियातल्या हस्तलिखितांत सापडलेले संस्कृत सूत्र, जे आशयाने पाली सुत्ताच्या जवळचे आहे. यादीत नुसते 'महापरिनिर्वाण' लिहिले तर तिघांपैकी कोणते, ते पुस्तक उघडल्याशिवाय कळणार नाही.

महायान ग्रंथांना 'सूत्र'च लिहा. सद्धर्मपुंडरीकसूत्र, लंकावतारसूत्र ही मुळातच संस्कृत नावे आहेत. 'सद्धर्म'मधला 'द्ध' छपाईत फार वेळा गळतो, तेवढे तपासा. प्रज्ञापारमिता या महायान ग्रंथसमूहाच्या नावांतले आकडेही नीट वाचावे लागतात. 'अष्टसाहस्रिका' म्हणजे आठ हजार श्लोकांचे काव्य नव्हे. ग्रंथ गद्यात आहे. बत्तीस अक्षरांचा एक श्लोक असे माप धरून लांबी मोजतात, आणि तशी आठ हजार मापे, म्हणजे सुमारे २,५६,००० अक्षरे. पंचविंशतिसाहस्रिका पंचवीस हजारांची, शतसाहस्रिका लाखाची. याच समूहातल्या वज्रच्छेदिकेचे दुसरे नाव 'त्रिशतिका' याच हिशेबाने पडले. पालीत या जातीचे माप 'भाणवार' : २५० गाथा, म्हणजे ८,००० अक्षरे. भाणकाने, म्हणजे पाठ म्हणणाऱ्या भिक्षूने, एका बैठकीत म्हणायचा तो भाग.

'हीनयान' ही पट्टी मात्र लावू नका. तो विरोधकांनी दिलेला शब्द आहे. शिवाय थेरवाद, सर्वास्तिवाद, धर्मगुप्तक, महासांघिक असे अनेक जुने निकाय (इथे अर्थ पंथ) त्यात एकत्र कोंबले जातात.

दुभाषी, चिकोडी

कन्नड पट्टीसाठी एक गोष्ट सांगतो. कन्नडमध्ये 'सुत्त' म्हणजे भोवती. सुत्तमुत्त म्हणजे आजूबाजूला. 'रतन सुत्त' असे दोन शब्द तोडून लिहिले तर कन्नड वाचक क्षणभर 'रतनच्या भोवती' असे वाचणार. म्हणून कन्नडमध्ये 'रतनसुत्त', 'करणीयमेत्तसुत्त' असे जोडूनच लिहा. मराठीतही जोडूनच लिहिणे योग्य, कारण हे समास आहेत.

'आगम' शब्दाला आपल्या भागात फार जपावे लागते. निपाणी-चिकोडीकडे आगम म्हटले की जैन आगम. दिगंबर घरांत षट्खंडागमाचे नाव सगळ्यांना माहीत असते. लिंगायत आणि शैव वाचकाला २८ शैवागम आठवतात. बौद्धांतही आगम आहेतच, म्हणजे चिनी भाषांतरांत टिकलेले सूत्रसंग्रह. कप्प्यावर नुसते 'आगम' लिहिले तर तिन्हीकडचे वाचक तिथे येतील आणि दोन परत जातील. 'बौद्ध आगम (चिनी परंपरा)' असे पूर्ण लिहा.

पुस्तकपेटी, निपाणी

म्हणजे निकाय आणि आगम एकच ना? 'दीघनिकाय' आणि 'दीर्घागम' एका कप्प्यात ठेवले तर चालेल?

पालिपाठ, बेळगाव

शेजारी ठेवा, एक समजू नका. दीघनिकायात ३४ सुत्ते, चिनी दीर्घागमात ३० सूत्रे. मज्झिमनिकायात १५२, मध्यमागमात २२२. बरीच सूत्रे दोन्हीकडे आहेत, पण क्रम वेगळा, काही तर दुसऱ्याच संग्रहात गेलेली. कारण आगम हे एका पंथाचे नाहीत. दीर्घागम धर्मगुप्तकांचा मानतात, त्याचे चिनी भाषांतर इ. स. ४१३ चे. मध्यमागम सर्वास्तिवाद्यांचा, भाषांतर ३९७-९८ चे. उरलेले दोन संयुक्तागम आणि एकोत्तरागम. त्यामुळे 'मज्झिम १०' म्हणजे 'मध्यमागम १०' असे धरून कुणी भाषांतर शोधायला गेले तर हाती दुसरेच सूत्र लागते.

टीकाकार बुद्धघोषाने अट्ठकथांच्या आरंभी दीघनिकायाला 'दीघागम' म्हटले आहे, म्हणजे पालीला हा शब्द परका नाही. पण आजची रूढी पालीला निकाय आणि चिनीला आगम अशी आहे. तीच पाळा. 'निकाय' शब्दाचा दुसरा अर्थ भिक्षूंचा पंथ असाही होतो, वर 'जुने निकाय' आले ते त्या अर्थाने. 'अठरा निकाय' असे पुस्तकाचे नाव दिसले तर ते सुत्तांच्या कप्प्यात टाकू नका, इतिहासात ठेवा.

'निपात' शब्दावरही मराठी वाचक अडखळतो. आपल्याकडे शत्रूचा निःपात होतो. पालीत निपात म्हणजे संग्रह किंवा विभाग. सुत्तनिपात म्हणजे सुत्तांचा संग्रह. अंगुत्तरनिकायाचे एककनिपातापासून एकादसकनिपातापर्यंत अकरा विभाग, म्हणजे एकेका गोष्टीपासून अकरा-अकरा गोष्टींच्या गटापर्यंत चढत जाणारी मांडणी. आणि 'खुद्दक'चे 'क्षुद्रक' करून त्याला दुय्यम लेखू नका. ४२३ गाथांचे धम्मपद, सुत्तनिपात, थेरीगाथा, ५४७ जातके, हे सगळे त्यातच आहे. माझ्या मते घरातल्या वाचकाने सुरुवात तिथूनच करावी.

खुद्दकनिकायात ग्रंथ किती, यावर यादी अडते. श्रीलंकेच्या परंपरेत १५. ब्रह्मदेशच्या परंपरेत मिलिंदपञ्ह, नेत्तिप्पकरण आणि पेटकोपदेस धरून १८. इगतपुरीची देवनागरी आवृत्ती रंगूनच्या सहाव्या संगीतीच्या, म्हणजे धर्मसभेच्या (१९५४-५६) पाठावरची, म्हणून तिच्यात मिलिंदपञ्ह खुद्दकात मिळतो. दुसऱ्या आवृत्तीत तो तिपिटकाबाहेर असतो. दोन्ही बरोबर. पट्टीवर आवृत्ती लिहिली की प्रश्न मिटला.

आणखी एक. 'महावग्ग' (वग्ग म्हणजे प्रकरणांचा गट) एवढेच लिहिलेला कागद पुस्तकाच्या कण्यावर कधी लावू नका. भिक्षूंच्या नियमांच्या विनयपिटकात महावग्ग आहे, दीघनिकायात आहे, संयुत्तनिकायात आहे आणि सुत्तनिपातातही आहे. चूळवग्गही विनयात आणि सुत्तनिपातात असा दोन ठिकाणी. आधी मोठ्या ग्रंथाचे नाव, मग वग्गाचे.

मलप्रभाकाठ, खानापूर

तिबेटी कप्प्याबद्दल. मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत गांदेन आणि द्रेपुंग या विद्यापीठांचे विहार असल्याने आपल्याकडे ही पुस्तके येतात. जुन्या पुस्तकांत 'कंजूर-तंजूर' लिहितात, अलीकडे कांग्युर-तेंग्युर. कांग्युर म्हणजे बुद्धवचनांचा अनुवाद, तेंग्युर म्हणजे आचार्यांच्या शास्त्रांचा अनुवाद. नागार्जुन या आचार्याची मूलमध्यमककारिका लोक कांग्युरात शोधतात, ती तेंग्युरात असते. कांग्युर साधारण शंभराहून अधिक खंडांचा, खंडांची संख्या आवृत्तीगणिक बदलते.

त्यांची सुटी लांब पाने मिळाली तर मराठीत सरळ 'पोथी' लिहा, ताडपत्राच्या आकाराचीच ती परंपरा आहे. पोथी आडवी ठेवायची, उभी केली की पाने मधे वाकतात आणि कडा झिजतात. वर-खाली फळी, भोवती सुती कापड. प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर आमच्याकडच्या पावसात आत बाष्प धरते आणि बुरशी येते.

महायान आपल्या मुलखाला अगदीच परके, असे मानू नये. गदग जिल्ह्यातल्या डंबळ इथल्या १०९५ च्या शिलालेखात बुद्धाच्या आणि आर्यतारादेवीच्या विहाराची नोंद आहे, आणि तारा ही महायानातली देवी.

दुभाषी, चिकोडी

'त्रिपिटक'चे राहिले. पिटक म्हणजे बुट्टी, टोपली. 'त्रिपीठक' चूक, त्यात पीठ म्हणजे आसन शिरते. 'त्रिपीटक' ही दीर्घ वेलांटीही चूक. मराठी पट्टीवर 'त्रिपिटक' ठेवा, पाली मूळ ग्रंथाच्या संचावर 'तिपिटक'.

'पालि' की 'पाली', यावर मराठीच्या नियमाने एकटा शब्द दीर्घ : पाली. समासात पहिले पद असेल तर ऱ्हस्व : पालिभाषा, पालिसाहित्य. मूळ अर्थ ओळ, कड, आणि त्यावरून मूळ पाठ. अट्ठकथांमध्ये 'पालि' म्हणजे टीकेहून वेगळा असा मूळ ग्रंथ, भाषेचे नाव ते नंतर झाले. कर्णपालि म्हणजे कानाची पाळी, त्यातला हाच शब्द. सहाव्या संगीतीच्या आवृत्तीत 'पाळि' असे ळ घालून छापतात. पालीत ळ आहे : सळायतन, चूळवग्ग. हिंदी छपाईत त्याचा बहुतेक ल होतो. मराठी आणि कन्नड दोन्हींत ळ असताना हिंदी पुस्तकावरून 'चूलवग्ग' उतरवायचे कारण नाही.

उच्चारात कन्नड येणाऱ्याला मोठा फायदा आहे. पालीत जोडाक्षरापूर्वीचा ए आणि ओ ऱ्हस्व : मेत्ता, एत्थ, सोत्थि. कन्नडमधला आखूड 'ऎ' म्हणतो तसाच. मराठी माणूस तो लांबवतो आणि उच्चार बिघडतो. आणि पालीत श, ष नाहीत. 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणावे, 'शरणं' नव्हे. 'त्रिसरण' हे संस्कृत त्रि आणि पाली सरण यांचे मिश्रण आहे, पण मराठीत ते रुळले आहे. मराठी मजकुरात खुशाल ठेवा, पाली पाठात 'तिसरण'.

पुस्तकपेटी, निपाणी

शेवटचे विचारते. संयुत्तनिकायात मधेच '…पे…' छापलेले असते. पाठ करताना काही जण ते 'पे' असे मोठ्याने वाचतात. छपाईची चूक आहे का?

पालिपाठ, बेळगाव

चूक नाही. ते 'पेय्याल'चे संक्षिप्त रूप, म्हणजे वर आलेला मजकूर इथे तसाच पुन्हा घ्यायचा. मोठ्याने 'पे' वाचू नये. पूर्ण पाठ करायचा तर वरचा परिच्छेद उघडून त्यातला बदलणारा शब्द तेवढा पालटावा. उदाहरणार्थ, रूपाबद्दल पूर्ण परिच्छेद असेल आणि पुढे वेदना, सञ्ञा यांना '…पे…' असेल, तर प्रत्येकासाठी तो सगळा परिच्छेद म्हणायचा. पूर्ण सापडला नाही तर मागच्या सुत्तात, नाहीतर वग्गाच्या पहिल्या सुत्तात बघा.

सुत्तांच्या मोजणीतला फरकही यामुळेच पडतो. अट्ठकथेच्या परंपरेत संयुत्तनिकायाची सुत्ते ७,७६२, आणि छापील आवृत्त्यांत सुमारे २,९००. पेय्यालातले प्रत्येक रूप वेगळे धरले की आकडा फुगतो. यादीत सुत्तांची संख्या लिहिण्यापेक्षा ५६ संयुत्ते (विषयवार गट) लिहा, म्हणजे वाद होणार नाही.

वग्गाच्या शेवटी 'तस्सुद्दानं' म्हणून एक-दोन गाथा असतात, त्या गाळू नका. त्या वग्गातल्या सुत्तांची नावे त्यांत क्रमाने ओवलेली असतात, ग्रंथातलीच अनुक्रमणिका म्हणा. तुमच्या यादीतली सुत्तांची नावे त्या गाथांशी ताडून घ्या.