मदत हवी आहे: ऊसतोडीच्या हंगामात मागं राहिलेल्या आजी-आजोबांसाठी गाणी, वाकळी, भारूड असं काही चालू केलंय, पुढं कसं न्यावं?

बालाघाटची_लेक

नमस्कार मंडळी. इथं वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढायलेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी धारूर तालुक्यातली, गावातलं वाचनालय बघते. आमच्या भागाचं तुम्हाला माहितीच आहे, दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात, नवरा-बायको मिळून एक कोयता, परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. तोवर गावात कोण, तर म्हातारी माणसं अन त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळेची लेकरं. दिवसभर दारात बसायचं अन संध्याकाळी फोनची वाट बघायची. सिस्टर येतात, बीपी-शुगर बघतात, गोळ्या देतात, पण "करमत न्हाई गं बाई" ह्याच्यावर गोळी कुठली? जेवण तुटतं, रात्रीची झोप जाते, एखादी आजी तर आठ-आठ दिवस उंबरा ओलांडत न्हाई.

म्हणून मागच्या हंगामापासून दुपारच्याला आज्यांना मारुतीच्या सभामंडपात एकत्र बसवायलेय. कोणीतरी प्रेमानं रंगवायची पुस्तकं अन खडू दिले होते. आज्यांनी हातात घेऊन बघितले, बाजूला ठेवले अन म्हणाल्या, "आमाला काय अंगणवाडीत घालायलीस का?" बरोबरच होतं त्यांचं. जमलं ते वाकळीनं, म्हणजे गोधडीनं. घराघरातून जुनी लुगडी, धोतरं, लेकरांच्या गणवेशाचे तुकडे आले, ते पसरून चौघी चार बाजूंनी बसल्या अन धावदोरा घालत घालत मधे सरकायल्या. मोतीबिंदूमुळं सुईत दोरा ओवणं कोणालाच होईना, तर शाळा सुटली की लेकरं येतात, सुया ओवून एका जुन्या उशीला टोचून ठेवतात, दुसऱ्या दिवसाला पुरतात. ह्या निमित्तानं लेकरं पण आज्यांजवळ बसायलीत.

गाणं म्हणा असं तोंडानं सांगितलं की कोणी म्हणत न्हाई. "धनी गेले, आता कसलं गाणं" म्हणून पदर तोंडाला. पण हात चालू झाले की कोणीतरी बारीक आवाजात सुरू करतं अन दुसरी पुढची ओळ उचलते. एका आजीचे लेक-सून दोघंबी तोडीला, तिनं शिवता शिवता स्वतःच जोडलं:

कोयत्याची टोळी माझी, गेली कारखाना वाटं
नातू इचारी रातीला, आजे माझी माय कुठं

सगळ्याजणी रडल्या. पण त्या रात्री ती आजी पोटभर जेवली, हे तिच्या नातवानंच मला येऊन सांगितलं. तेव्हापासून मला हे सोडवत न्हाई.

आता अडलंय ते सांगते. पुरुष येतच न्हाईत, पारावर तंबाखू मळत बसतात, बोलावलं तर "ते बायकांचं हाय" म्हणतात, अन खरं सांगायचं तर मला त्यांचीच जास्त काळजी वाटते कारण बाया निदान एकमेकींजवळ बोलतात तरी. दुसरं, एका आजीला विसर पडायलाय, लेकीला ओळखत न्हाई, अन बसल्या बसल्या दुसरीनं घातलेले टाके ओढून काढते, बाकीच्या चिडतात, घरी बसवा म्हणतात. मला तिला घरी पाठवायची न्हाई. तिसरं, वस्तीवरच्या आज्या देवळात यायला तयार न्हाईत. अन पोरं म्हणायलीत ताई व्हिडिओ काढून टाकू, ते करावं का न्हाई? पैसा काहीच न्हाई हे धरून सांगा.

गंगाखेडकर

ताई, आधी पुरुषांचं. आमच्याकडंबी हाच अनुभव, गाण्याला या म्हणलं तर एक माणूस आला न्हाई अन काम सांगितलं तर सगळा पार उठून आला. शाळेतल्या पोरांना बैलाचा कासरा, मोरकी असे दोर वळायला शिकवा म्हणून गळ घातली. आता सगळं नायलॉनचं मिळतं त्यामुळं पोरांना ह्यातलं काही येत न्हाई अन ह्या लोकांच्या हातात सगळं आहे. अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचा धागा, ओला करून मांडीवर पीळ द्यायचा, एक पोरगं टोक धरून उभं, आजोबा पीळ देत देत मागं सरकायलेत, असं चालतं. गोफण विणतात, पोळ्याचे गोंडे करतात. ज्याचा हात कापतो त्याला पीळ द्यायला न्हाई जमत, त्याला वाख पिंजायला अन मापं सांगायला बसवायचं. फक्त "तुमच्यासाठी कार्यक्रम ठेवलाय" असं म्हणू नका, "तुमची मदत पाहिजे" म्हणा.

अन भारूड विसरू नका. नाथांचं पैठण आपल्याच मराठवाड्यातलं, म्हाताऱ्या माणसांना भारूडं तोंडपाठ असतात. सोंग एकानं घ्यायचं, बाकीच्यांनी बसल्या जागेवरून झील धरायची, म्हणजे मागून साथीला म्हणायचं. गुडघे गेलेल्या माणसालाबी त्यात जागा आहे.

लातूरची_सिस्टर

ताई, विसर पडलेल्या आजीला अजिबात घरी बसवू नका. ती टाके काढते ना, मग तेच काम तिचं. जुन्या लुगड्याचे काठ उसवायचे असतात, फॉल काढायचे असतात, तो ढीग तिच्या पुढ्यात वेगळा ठेवा. बोथट टोकाची छोटी कात्री द्या, शेजारी एक शांत स्वभावाची आजी बसवा. बाकीच्यांची तक्रारबी मिटते अन तिच्याबी हाताला काम लागतं. "मी कोण? ओळखलं का?" असं विचारू नका, उत्तर आलं न्हाई की माणूस घाबरतं अन मग चिडतं. नावं जातात पण लहानपणची गाणी बऱ्याचदा खूप उशिरापर्यंत शिल्लक राहतात, म्हणून ओवीची अर्धी ओळ तुम्ही म्हणा अन थांबा, घाई करू नका.

अजून एक. अमेरिकेत अ‍ॅन बास्टिंग म्हणून बाई आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांसोबत टाइमस्लिप्स नावाची पद्धत सुरू केली. एखादं चित्र दाखवायचं, "आठवतं का" न विचारता "इथं काय चाललं असंल" असं विचारायचं, अन जे येईल ते सगळं लिहून घेऊन गोष्ट करायची. चूक-बरोबर काहीच न्हाई. बैलबाजाराचा, जत्रेचा जुना फोटो घ्या, आपल्याकडं मस्त चालतं, मी वॉर्डात करून बघितलंय.

मात्र विसर अचानक वाढला असेल, दोन-चार दिवसात माणूस बरळायला लागलं असेल, तर ते वय म्हणून सोडू नका, लघवीच्या इन्फेक्शननं किंवा सोडियम कमी झाल्यानंबी होतं, लगेच डॉक्टरला दाखवा. अन कोणी जेवणच सोडलं, "आता जगून काय करू" म्हणायलं तर गाण्यावर भागवू नका. मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७.

उघडं_आभाळ

सगळं छान आहे पण मूळ दुखणं उचल (आगाऊ घेतलेला पैसा) अन तो देऊन टोळी नेणारा मुकादम हे आहे. गावात काम असतं तर लेक-सून गेलेच नसते, मग वाकळी शिवत बसायची वेळ कशाला आली असती?

बालाघाटची_लेक

दादा, पटतंय तुमचं, एक शब्दबी खोडणार न्हाई. पण काम गावात येईल तेव्हा येईल, ह्या आज्यांचा हा हिवाळा तर आत्ता चालूय ना.

माजलगावकर

ताई, जागा बदला. जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा सगळ्यांचा असतो, तिथं कोणाला परकं वाटत न्हाई. अन वस्तीवरच्या आज्यांना नुसतं बोलावू नका, त्यांच्या दारात एक-दोन दुपारी तुम्ही जाऊन बसा. त्यांच्याकडं बाबासाहेबांच्या ओव्यांचा अन भीमगीतांचा केवढा साठा असतो! आमच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्या १९९६ साली रेकॉर्ड झाल्यात, गी पॉयत्वाँ अन हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं जे काम उभं केलं त्यात. लाखाच्या वर ओव्या आहेत त्या संग्रहात, 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या वेबसाईटवर ऐकायला मिळतात. मोबाईलवर लावून ऐकवा, "ही तर आपल्यातलीच बाई" म्हणून आज्या लगेच पुढची म्हणतात. बोलावून आणण्यापेक्षा हे लवकर चालतं.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर करा, पण आधी विचारून, अन म्हणणारीचं नाव-गाव तिला पाहिजे असेल तरच टाका. काही ओव्या सासरच्या जाचाच्या असतात, त्या चौघींत म्हणलेल्या असतात, व्हॉट्सअपवर फिरल्या तर घरात भांडण लागतं. पहिलं रेकॉर्डिंग तोडीवर गेलेल्या लेकालाच पाठवा.

पाणचक्की

सरपंच विचारतील ह्यानं काय होतं, तेव्हा हे सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं २०१९ मध्ये अहवाल काढला, कला अन आरोग्यावरचे ३,००० पेक्षा जास्त अभ्यास तपासून, वय झालेल्या माणसांचाबी त्यात विचार आहे. त्याच्या आधी अमेरिकेत जीन कोहेन यांनी २००१ पासून ६५ च्या पुढच्या ३०० लोकांचा अभ्यास केला, त्यात समूहात गाणाऱ्यांच्या डॉक्टरच्या चकरा अन पडण्याचं प्रमाण कमी दिसलं. आपल्याकडं पुण्यात पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी नाचाचे वर्ग झालेत. हौस म्हणून कोणी झटकलं तर हे पुढं ठेवा अन एक खोली, दोन सतरंज्या, पिण्याचं पाणी, एवढंच मागा.

ऐकू कमी येणाऱ्यांना भिंतीला पाठ करून बसवा अन म्हणणाऱ्याचं तोंड उजेडात ठेवा, ओठ दिसले की बरंच कळतं. टाळ त्यांच्या कानाजवळ नको.

बालाघाटची_लेक

काय बोलू, सगळ्यांचे लई आभार. उसवायचा ढीग आजच वेगळा काढला. आजींनी दुपारभर एक काठ अख्खा काढला, मधेच कोणी "पांडुरंग" म्हणलं की मान हलवायल्या. शाळेच्या सरांना व्हरांड्याचं उद्या विचारते, अन वस्तीवर आधी माजलगावकर दादा म्हणाले तशी जाऊन बसते.

गंगाखेडकर दादा, वाख कुठून आणता तेवढं सांगा. आमच्याकडं आता अंबाडी कोणी लावली तर भाजीपुरतीच. केजच्या नाहीतर अंबाजोगाईच्या बाजारात मिळंल का, का घायपातावर भागंल? पारावरच्या दोघा आजोबांना बोलून ठेवलंय, त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला.