मराठी संस्थळं ओस का पडली? माझं बोट आपल्याकडेच आहे

पायवाट (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात एका मराठी संस्थळावर, म्हणजे लेख आणि चर्चांच्या साइटवर, जालन्याकडच्या एका मुलाने लेख टाकला. त्याचा पहिलाच. पाणाड्याच्या सांगण्यावरून वडिलांनी शेतात चार बोअर मारले आणि चारही कोरडे गेले, त्याची हकिगत. खोलीबरोबर वाढत जाणारा फुटाचा दर, केसिंगचे पैसे, रात्री दोन वाजता धुरळ्यात उभं राहून मशिनीच्या आवाजाकडे कान लावलेलं अख्खं घर. वर्षभरात मी वाचलेल्यांतला तो सगळ्यांत जिवंत मजकूर होता.

त्याने 'पानी' आणि 'कोनी' लिहिलं होतं. पहिला प्रतिसाद आला, "आधी न आणि ण शिका, मग लेख पाडा." दुसऱ्याने त्याला हसून अनुमोदन दिलं. तिसऱ्याने विचारलं, हा कोणाचा ड्युआयडी, म्हणजे कोणा जुन्याचंच दुसरं, खोटं खातं? सात प्रतिसादांत पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी पोचले तोवर दोन दिवस उलटले होते. मुलगा परत आलेला नाही. संस्थळाचं नाव घेत नाही, कारण हे आपल्यापैकी कुठेही घडलं असतं.

मी २००९ साली अशाच एका ठिकाणी आले. माझ्या पहिल्या लेखात परिच्छेद नावाची गोष्ट नव्हती. एका ताईंचा व्यनि, म्हणजे खाजगी निरोप, आला: "आवडलं. मध्ये चार ठिकाणी ओळ सोडा, आणि आजोबांच्या सायकलबद्दल अजून लिहा." त्या ताईंना मी आजवर भेटलेले नाही. त्या एका निरोपाच्या बळावर मी दहा वर्षं लिहीत राहिले.

मायबोली १९९६ची, मनोगत २००४चं, मिसळपाव आणि उपक्रम २००७चे, ऐसी अक्षरे २०११चं. कट्टे आणि गटग, म्हणजे सदस्यांच्या प्रत्यक्ष गाठीभेटी, झाल्या, नोकऱ्या सांभाळून लोकांनी रात्री जागून दिवाळी अंकांची मुद्रितं तपासली. मायबोलीसारखी ठिकाणं आजही चालू आहेत, पण तेव्हाची वर्दळ कुठेच नाही. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: फेसबुक आलं, व्हॉट्सॲप आलं. पण फेसबुक २००६मध्येच सर्वांना खुलं झालं होतं. मिसळपाव, उपक्रम, ऐसी अक्षरे ही सगळी त्यानंतर उभी राहिली. ऑर्कुट हे फेसबुकसारखंच समाजमाध्यम तर २००४पासून होतं.

जुनी माणसं जाणारच. कोणाची नोकरी बदलते, कोणाला लेकरं होतात, कोणी भांडून जातं. प्रश्न त्यांच्या जागी कोण येतं हा आहे. नव्या माणसाच्या पहिल्या लेखाला पहिला प्रतिसाद काय मिळतो, यावर ते ठरतं. हे काम कोणीही नेमून दिलेलं नव्हतं, तरी पूर्वी कोणी ना कोणी करायचं. आपण ते सोडलं, आणि म्हणून ही ठिकाणं ओस पडली असं माझं स्पष्ट मत आहे.

टंकलेखक

पायवाट, त्या मुलाबद्दल वाईट वाटलं. पण निदान पटत नाही.

२००४चा संगणक आठवा. विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला सीडी घालून वेगळी सोय बसवावी लागे. वर्तमानपत्रांच्या साइट आपापल्या फाँटवर; तो फाँट नसला की पानभर खुणांचा कचरा. ईमेल शिवाजी फाँटमध्ये लिहिली तर समोरच्याकडे तो असेलच याची खात्री नाही. अशा दिवसांत मनोगतावर रोमन कळा दाबल्या की चौकटीत युनिकोड मराठी उमटायचं, आणि वर शुद्धिचिकित्सक. मी तेव्हा दुबईत होतो, साइटवरच्या कंटेनर ऑफिसात. साहित्यासाठी आलो नव्हतो. पहिल्या दिवशी मी 'कणीक' एवढाच शब्द लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसलो.

त्या काळी देवनागरीत लिहायचं तर या चार-पाच दारांशिवाय सोय नव्हती, म्हणून गर्दी होती. पुढे फोनवर मराठी कळफलक आले. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं आणि डेटा मातीमोल झाला. गावात एकच विहीर होती तोवर पाणवठ्यावर रीघ होती. घरोघर नळ आले, रीघ संपली. पाणवठ्यावरच्या बायका फटकळ झाल्या म्हणून गर्दी ओसरली असं कोणी म्हणेल का?

आणि आपण तेव्हा फार प्रेमळ होतो हेही मला आठवत नाही. २००८चे धागे उघडून बघा. कंपूबाजी तेव्हाही होती, अपमान तेव्हाही होते. पण लोकांना दुसरीकडे जायला जागा नव्हती, म्हणून सोसत होते.

पायवाट

टंकलेखक, 'कणीक' वाचून थांबले. टंकनाचा मुद्दा मी धरलाच नव्हता, तो मोठा आहे.

पण इंग्रजी विकिपीडियाकडे बघा. तिथे टंकनाची अडचण कधीच नव्हती. नळ आले, म्हणजे लोक दुसरीकडे गेले म्हणाल, तर वाचक वाढतच होते. तरी महिन्याला निदान पाच संपादनं करणाऱ्यांची संख्या २००७मध्ये पन्नास हजारांपुढे गेली आणि पुढची सहा-सात वर्षं घसरत तीस हजारांच्या आसपास आली. ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचं कारण शोधलं. उपद्रव आवरायला बनवलेली स्वयंचलित अवजारं आणि वर्षागणिक घट्ट होत गेलेले नियम यांच्यापायी चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचंही काम पुसलं जाऊ लागलं. ज्यांचं पहिलं काम पुसलं गेलं, ते टिकण्याचं प्रमाण घटलं. 'पानी'वाला मुलगा मला त्यांच्यात दिसतो.

काठावरचा

माझं मत या धाग्यात बहुतेकांना आवडणार नाही, पण मांडतो. हटकणं हीच या ठिकाणांची कमाई होती.

मी २०१०मध्ये 'जेष्ठ' आणि 'आशिर्वाद' लिहीत होतो. अभियांत्रिकीची पदवी घेतली होती, आणि दहावीनंतर मराठीत मला कोणी एकदाही दुरुस्त केलं नव्हतं. इथल्या एका खवट सदस्याने सगळ्यांसमोर केलं. राग आला, आठवडाभर आलो नाही, मग आलो ते शब्दकोश घेऊन. शिलालेखांवर मी लिहू लागलो तेव्हा प्रत्येक वाक्याला 'पुरावा काय' असं विचारणारे लोक भेटले. फेसबुकवर तेच लिहिलं की दोनशे अंगठे मिळतात आणि चूक तशीच राहते.

स्वागताला संख्येची मर्यादा असते. युजनेट या वेबच्याही आधीपासूनच्या चर्चागटांवर दर सप्टेंबरात विद्यापीठांतले नवे विद्यार्थी यायचे, गोंधळ घालायचे आणि महिनाभरात रीत शिकायचे. येणारे मूठभर आणि शिकवणारे पुष्कळ, म्हणून ते जमत होतं. १९९३-९४च्या सुमारास एओएलसारख्या घरगुती इंटरनेट सेवांचे ग्राहक बारमाही येऊ लागले आणि जुन्यांनी हात टेकले. तो सप्टेंबर कधी संपलाच नाही, असं तिथले लोक अजून म्हणतात. दार सताड उघडं ठेवल्याने मोडलेली ही पहिली मोठी वस्ती. त्यामुळे दार बंद झालं म्हणून सगळं संपलं, हे अर्धंच खरं आहे.

पायवाट

काठावरचा, तुम्हाला हटकलं तेव्हा तुमच्याकडे पदवी होती, नोकरी होती, प्रमाण मराठी घरात बोललं जात होतं. तुम्ही चिडून परत येऊ शकलात. 'पानी' ही त्या मुलाच्या घरातली भाषा आहे. 'जेष्ठ' ही लेखनातली चूक. 'पानी'वर हसणं म्हणजे त्याच्या आईच्या बोलण्यावर हसणं. शिवाय 'पुरावा काय' विचारणारा निदान लेख वाचतो. त्या सात जणांनी वाचला नव्हता.

सांजवात

मी सहा वर्षं एका संस्थळाच्या संपादक मंडळात होते. 'आपण ते काम सोडलं' हे वाक्य मला लागलं, म्हणून लिहिते.

नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी आणि तो आवडल्याची खूण केल्यासाठी अटक झाली. त्या आठवड्यात आम्ही चार संपादक रात्री-रात्री जागून जुने राजकीय धागे वाचत होतो. कशावरून कोणाच्या घरी पोलीस येतील, सांगता येत नव्हतं. त्यांना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं सहासष्ट-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं ते २४ मार्च २०१५ला. मधल्या काळात ते ओझं कोणी वाहिलं? बिनपगारी माणसांनी. धागा उडवला की मुस्कटदाबी, ठेवला की पक्षपात. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात निनावी फोन गेला होता.

आणि एक गोष्ट इथे अजून कोणी बोललेलं नाही. एका सदस्येने स्वतःच्या घटस्फोटाबद्दल लिहिलं. फार संयमाने लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने मला तिच्या व्यनिपेटीत आलेलं वाचायला दिलं. अकरा पुरुष. त्यांतल्या तिघांना मी कट्ट्यावर भेटले होते, त्यांच्या बायकांनी मला डबा दिला होता. तिने खातं बंद केलं. आता ती वीस बायकांच्या एका व्हॉट्सॲप गटात लिहिते, आणि अप्रतिम लिहिते. बाहेरच्या कोणालाही ते कधी वाचता येणार नाही.

त्यामुळे व्हॉट्सॲपला दोष देऊ नका, हे तुमचं मला मान्य आहे. पण दारावर कोणी उरलं नाही ते आळसाने नव्हे. दारावरच्या माणसांनाच सगळ्यांत जास्त दगड बसले.

ओसरी

सांजवातताई, हे वाचून काय लिहावं कळत नाही. तुमच्यासारख्यांचे आम्ही कधी आभार मानले नाहीत.

माझा मुद्दा रुक्ष आहे, पैशाचा. जमीन कोणाची, हे आपण कधी विचारलं नाही. जिओसिटीज ही फुकट वेबपानांची सेवा १९९९मध्ये याहूने अब्जावधी डॉलर मोजून घेतली आणि ऑक्टोबर २००९मध्ये बंद केली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. याहू ग्रुप्सवरचा साठा २०१९ संपता संपता काढला आणि पुढच्या डिसेंबरात सेवाच गुंडाळली. तिथले गट भांडून मेले नव्हते. मालकाने हिशेब केला आणि कुलूप लावलं.

मराठी संस्थळं निदान आपल्याच माणसांच्या मालकीची होती. सर्व्हरचं बिल कोणी तरी खिशातून भरत होतं. आपण किती जणांनी एक रुपया दिला? सॅन फ्रान्सिस्कोजवळ १९८५मध्ये सुरू झालेलं 'द वेल' हे चर्चेचं ठिकाण २०१२मध्ये विकायला निघालं तेव्हा तिथल्या सदस्यांनी वर्गणी काढून ते विकत घेतलं. मेटाफिल्टर या अमेरिकी चर्चास्थळावर खातं उघडायला वर्षानुवर्षं पाच डॉलर लागत, एकदाच. त्या पाच डॉलरांनी ड्युआयडी तर आवरलेच, पण दारावर बसायला पगारी माणूस ठेवायलाही हातभार लागला. गणपतीची वर्गणी आपण पावती फाडून देतो, आणि जिथे रोज दोन तास बसायचो तिथे दिली नाही. स्वागत नाही, माणूसबळ नाही, सुरक्षितता नाही. हे सगळं मला तिथूनच सुरू झालेलं दिसतं.

टंकलेखक

ओसरी, वर्गणी मागितली असती तर २००७मध्येच निम्मे लोक गेले असते. मीही गेलो असतो, खरं सांगतो. तेव्हा इंटरनेटवर कार्ड वापरायची भीती वाटायची, परदेशातून पाठवणं तर आणखी अवघड. यूपीआय आलं २०१६मध्ये. तोवर रीघ ओसरायला लागली होती.

लिंबोणी

नमस्कार. चार वर्षं वाचतो आहे, खातं आज उघडलं. मी परभणीचा, वय बावीस, पुण्यात शिकतो. तुमचं ऑर्कुट मी पाहिलेलं नाही. माझ्या वयाची मुलं डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर असतात, मीही असतो. पण तिथे काल काय बोललो ते आज सापडत नाही. इथलं सापडतं, म्हणून येतो.

आई गेल्या वर्षी वारली. तिचा काळा मसाला कसा होता ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. शोधताना २०११चा एक धागा मिळाला, आमच्याच भागातल्या कोणी तरी लिहिलेला. एकशे चौदा प्रतिसाद. त्यात एकमेकांना चिडवणं आहे, तीळ घालायचे की नाही यावर भांडण आहे, कोणाच्या सासूबाईंचं प्रमाण आहे. एकशे चौदाही वाचले. तो धागा मला मेलेला वाटला नाही. बोअरवाला लेखही वाचला होता. आमच्याकडे दोन गेले कोरडे. तिथे लिहावं वाटत होतं, पण प्रतिसाद बघून धीर झाला नाही.

त्या मसाल्यात दगडफूल किती ते लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्या बाई २०१४नंतर आलेल्या नाहीत. विचारायला दुसरं कोणी नाही. हे इथे अवांतर होत असेल तर काढून टाका.

सांजवात

लिंबोणी, काढायचं नाही. आईचं वाचून वाईट वाटलं.

माझं माहेर सेलूचं. आमच्याकडे किलोभर धण्याला पन्नास ग्रॅम दगडफूल घेतात. आधी नीट निवडून घे, त्यात सालींचे तुकडे आणि खडे असतात. अगदी थोड्या तेलावर, मंद आचेवर, हाताने चुरडेल इतपतच परत. करपलं तर सगळा मसाला कडू होतो. खोबरं शेवटी, वेगळं, चांगलं काळपट होईपर्यंत. तीळ आमच्याकडे घालतात. तुझी आई भाजीवर तवंग काळा यायचा की तांबडा, ते आठवतंय का? त्यावरून मिरचीचं सांगते.

लिंबोणी

काळा. पण कडेला तांबडा दिसायचा.