सल्ला हवा: आम्ल मातीत गवताऐवजी लिंगनबेरी?

सिएटलकर_माळीण
घरामागे उतार आहे. गवत टिकत नाही, शेवाळ माजतं. माती तपासून घेतली, पीएच 5.2, म्हणजे आम्लच. बारमाही हिरवं, गुडघ्याखाली राहणारं आणि जमल्यास खायची फळं देणारं काहीतरी हवंय. लिंगनबेरी, किनिकिनिक की विंटरग्रीन, या लाल फळांच्या बुटक्या झुडपांपैकी कोणतं? दुपारपर्यंत ऊन, पण एका कोपऱ्यात सीडरच्या झाडाची दाट सावली.

उप्सालाची_सून
लिंगनबेरी, डोळे मिटून! इथे स्वीडनमध्ये पाइनच्या रानात आपोआप येते. उंची वीत-दीड वीत. जमिनीखालून फुटवे काढत पसरते, पण फार सावकाश. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं खरं भांडण तणाशी. मुळं इतकी उथळ की आत घुसलेलं गवत उपटताना रोपही हातात येतं. म्हणून आधी जागा साफ करा, अगदी मुळासकट. मग पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) मिसळून फूटफूटभर अंतरावर रोपं आणि वर पाइनच्या सालीचा थर. शेणखत, चुना, राख काही नको. "मूठभर घालू, काय होतंय" म्हणणारे घरोघरी असतात, त्यांना लांब ठेवा.
लिंगनबेरीच्या जातींत 'कोराले' चांगली फळते. सोबत 'सान्ना' किंवा 'सुस्सी' ही दुसरी जात लावलीत तर परागीभवन सुधारतं, फळं मोठी होतात. साखर घालून नुसती ढवळली, न शिजवता, तरी टिकतात. बेन्झोइक आम्ल अंगचंच असतं.

जर्सीचा_बंड्या
आमच्याकडचा उन्हाळा तिला झेपत नाही, तुमचा झेपेल. नळाचं पाणी जड असेल तर पानं पिवळी नि शिरा हिरव्या दिसतात. सिएटलचं पाणी मृदू, तेव्हा काळजी नाही.
किनिकिनिक कोरड्या, उन्हाच्या उतारावर मस्त. फळ मात्र पिठूळ, बेचव. सीडरखाली विंटरग्रीन लावा. पान चुरगळलं की थेट आयोडेक्स!

वाईकर
महाबळेश्वरला येईल का हो लिंगनबेरी? माती आम्लच आहे.

उप्सालाची_सून
नाही हो. तिला लांबलचक कडक हिवाळा लागतो, आणि तुमच्या पावसात मुळं कुजतील. करवंदं आहेत की तुमच्याकडे!

सिएटलकर_माळीण
ठरलं मग. उन्हात लिंगनबेरी, सीडरखाली विंटरग्रीन. कोराले इथे नर्सरीत दिसते, सान्नाची चौकशी करते. विंटरग्रीनला सुरुवातीला पाणी किती द्यायचं? सीडरची मुळं सगळं शोषून घेतात.

जर्सीचा_बंड्या
पहिले दोन उन्हाळे माती ओलसर ठेवा, बोट घालून बघत जा. सीडरच्या बुंध्याला अगदी खेटून लावू नका.