मदत हवी आहे : वाडीची वेगळी लोकसंख्या कुठं मिळंल?

नमस्कार मंडळी, आमची वाडी गगनबावडा तालुक्यात, फाट्यापासून तीन किलोमीटर आत. गेल्या पावसात रस्ता खचला तवापासून गाडी फाट्यावरच थांबत्या आणि पोरी पहाटे चपला हातात घेऊन चिखलातनं चालत जातात, बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट हाय पण फाट्यापर्यंत पोचायचं कसं हो?

परवा रस्त्यासाठी एका ऑफिसात गेलो तर म्हणाले वाडीची लोकसंख्या अटीत बसत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट भागाला ५०० ची अट हाय, आणि त्यात महसुली गाव नाही, वस्ती मोजतात, ५०० मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरता येतात एवढं मला म्हाईत हाय. पण २०११ च्या जनगणनेत आमचा आकडा मूळ गावातच मिसळलाय, वाडीचा वेगळा दिसतच नाही. नवी जनगणना २०२७ ची, तवर थांबायचं का?

कुणी राधानगरी, शाहूवाडीकडं वस्तीचा वेगळा आकडा काढून रस्ता मंजूर करून घेतलाय का? ग्रामसभेचा ठराव पुरतो का, का अजून कुठला दाखला लागतो? कागद कसे केले तेवढं सांगा, लई उपकार होतील. गेल्या महिन्यात एका बाळंतिणीला खुर्चीत बसवून फाट्यापर्यंत न्यावं लागलं.